चाळीस गुंठ्यांचं पार्किंग

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेला जाऊन आलेलं माणूस भेटलं की नायगऱ्याचं बोलतं. मी आज गाड्या लावायच्या जागेबद्दल बोलणार आहे.

माझा भाऊ नेब्रास्का राज्यात लिंकन शहरात राहतो. आई-अप्पांना घेऊन मी त्याच्याकडे गेले होते. अप्पा माण तालुक्यातले, अडीच एकरांचे शेतकरी. चार दिवस दुकानं हिंडल्यावर म्हणाले, "आता जरा शेताचं दाखव की रं." मग भावानं गाडी दक्षिणेला बीॲट्रिस गावाकडे घेतली. तासाभराची वाट. गावाबाहेर होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. माळरानावर पहिल्यांदा वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांचं हे संग्रहालय, तिकीट नाही.

इमारतीचं छप्पर नांगराच्या फाळासारखं वर उचललेलं. पण अप्पा तिथवर पोचलेच नाहीत. भावानं सहज सांगितलं, की हे पार्किंग बरोब्बर एक एकराचं केलंय, लोकांना एकर म्हणजे केवढा ते कळावं म्हणून. झालं! अप्पांनी चपला आवळल्या आणि पावलं मोजत बांधाच्या कडेनं निघावं तसे निघाले. मागून दहा वर्षांचा भाचा, त्याच्या मागून "गाडी येईल हो" म्हणत आई. परत येऊन म्हणाले, "भरतंय. चाळीस गुंठं."

अशा 160 एकरांची गोष्ट आत सांगितली आहे. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांच्या कुणीही, किंवा घर चालवणाऱ्या माणसानं, अर्ज करायचा; फक्त तो नागरिक असावा किंवा होऊ घातलेला. फी सगळी मिळून अठरा डॉलर. पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन शेजाऱ्यांची साक्ष काढायची. मग 160 एकर नावावर. एकट्या बाईलाही अर्ज करता येई. 1 जानेवारी 1863 ला कायदा लागू झाला, आणि मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावून डॅनियल फ्रीमननं अर्ज दिला, असं सांगतात. त्याच फ्रीमनच्या जमिनीवर हे संग्रहालय उभं आहे.

भाच्यानं हे इंग्रजी फलकावरून वाचायचं, मी मराठीत सांगायचं. अप्पा मध्येच थांबवत म्हणाले, "म्हंजे कूळकायदाच की. कसंल त्याची जमीन." आमचे आजोबा कूळ होते. 1 एप्रिल 1957 ला कायद्यानं कुळं मालक झाली, पुढं हप्ते फेडून हातात बत्तीस-मचा, म्हणजे जमीन विकत घेतल्याचा, दाखला आला. तो दाखला आजही आमच्या घरी लोखंडी पेटीत, पितळी डब्यात आहे.

लबाड्याही ओळखीच्या निघाल्या. घर बारा बाय चौदाचं हवं, असं धरून काही बहाद्दरांनी बारा बाय चौदा इंचांचं खेळण्यातलं घर ठेवलं आणि शपथेवर सांगितलं, 'बारा बाय चौदाचं बांधलंय', असा किस्सा तिकडे सांगतात. अप्पा पोट धरून हसले. पीकपाहणीत नसलेला ऊस उभा करणारे त्यांनी पाहिलेत.

आवारात 1867 सालचं एक लाकडी ओंडक्यांचं घर आणून ठेवलंय. चौदा फूट बाय सोळा फूट. आई दारातच उभी राहिली आणि तिचा पहिला प्रश्न, "धूर कुठनं जात असंल?" भावानं तिला सांगितलं की इकडे निदान झाडं तरी होती; पश्चिमेकडच्या उघड्या माळावर लाकूडच नाही, तिथं लोकांनी गवताच्या मुळ्यांसकट जमिनीचे थर नांगरानं विटांसारखे कापून भिंती रचल्या. छपरावरही तेच. पाऊस पडला की घरात चिखल. जळणाला रानगव्यांचं नि गुरांचं वाळलेलं शेण. आई एकदम खुलली. "मग आपलं माळवदच म्हणायचं! उन्हाळ्यात पांढरी माती टाकली न्हाई वर, म्हणून गळत असंल." आणि नुसतं पडलेलं शेण वेचायचं, थापायचं नाही, याचं तिला वाईट वाटलं. संग्रहालयातल्या बायका परवानगी देत्या तर तिनं गोवऱ्या लावून दाखवल्या असत्या.

बाहेर पायवाटेशी एक भिंत आहे. होमस्टेड झालेल्या तीस राज्यांचे पत्र्याचे आकार, आणि ज्या राज्याची जेवढी जमीन अशी वाटली गेली तेवढा तुकडा त्यातून कापलेला. नेब्रास्काचा तुकडा पंचेचाळीस टक्क्यांचा. एकूण 27 कोटी एकर. मी हिशेब केला, साडेतीन महाराष्ट्र भरतात.

अप्पा त्या भोकांकडे बराच वेळ बघत होते. "हितं आदी कोण होतं?"

हा भाग मी घाईनं सांगणार नाही. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात ओटो-मिझुरी लोक राहत. 1854 च्या तहात त्यांची बहुतेक जमीन गेली, बिग ब्लू नदीकाठी एक पट्टा उरला. 1881 मध्ये तोही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. फुकट वाटलेली जमीन सरकारकडे आली ती अशी. आणि जे इथले मूळचे, त्यांना नागरिक धरलेलंच नव्हतं, म्हणून सुरुवातीला त्यांना साधा अर्जही करता येत नव्हता.

मागे शंभर एकरांवर जुनं गवत पुन्हा वाढवलंय. भाचा त्यात शिरला तो दिसेनासा झाला. कडेला उभं राहून अप्पा बोलले, ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. जमीन नावावर झाल्यावरही आजोबा दर सुगीला जुन्या मालकाच्या वाड्यावर ज्वारीची पाटी नेऊन देत. आजी भांडायची, कायद्यानं आपली झाली, आता कशाला? आजोबा म्हणायचे, "त्येंच्या घरात म्हातारी हाय."

माझ्या मते दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत. आमचा मालक कधी बांधावर आला नव्हता, जमीन कसत आजोबाच होते. आणि ओटो लोक तर त्या नदीकाठी मका पिकवत, शिकारीला जात, तिथंच नांदत होते. मी अप्पांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "व्हय, खरंय." आणि गवताची एक काडी बोटांत फिरवत राहिले.

निघताना गाडीपाशी आले तर आई आधीच आत बसलेली. भाच्यानं विचारलं, "आजोबा, आपली जमीन अशी किती पार्किंगं?"

"अडीच," अप्पा म्हणाले. "त्यात विहीर बी आली."