साडेसात वाजता, पण कुठल्या घड्याळात? ऑनलाइन सभांच्या वेळा आणि रेकॉर्डिंग

नमस्कार. मी रत्नागिरीहून बोलतो आहे. आजचा विषय माझ्याच एका चुकीतून निघालेला आहे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमच्या गावच्या मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ऑनलाइन भरते. गावातले आठ-दहा जण, मुंबई-पुण्याकडचे काही, दुबई आणि कुवेतमध्ये नोकरीला असलेले, लंडनमधले एक कुटुंब आणि न्यू जर्सीत राहणारे आमचे चिटणीस, असा सगळा गोतावळा तिथे जमतो. भारतात संध्याकाळी साडेसात आणि न्यू जर्सीत सकाळी नऊ, अशी वेळ ठरलेली होती. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या सभा सुरळीत पार पडल्या. मार्चमध्ये मात्र दिवेलागण आटोपून, चहा घेऊन आम्ही गावातली मंडळी साडेसातला संगणकासमोर बसलो, तेव्हा पडद्यावर आभारप्रदर्शन चालू होते. सभा साडेसहालाच सुरू झाली होती, दोन ठरावही मंजूर झाले होते. आमचा पहिला संशय अर्थातच चिटणिसांवर गेला. त्यांनी मात्र काहीही बदललेले नव्हते. ते नेहमीप्रमाणे सकाळी नऊलाच बसले होते. उन्हाळ्यातला उजेड जास्त वापरता यावा म्हणून अमेरिकेत दरवर्षी घड्याळे एक तास पुढे करतात, तशी ती त्या पहाटे पुढे गेली होती आणि कॅलेंडरने आम्हाला बदललेली वेळ कळवलीही होती. वेळ पाठ आहे या भरवशावर मीच ती सूचना उघडली नव्हती.

हे नेमके कसे घडते, ते समजण्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. होडी भरतीला बाहेर काढायची असे ठरवले, तर ती रोज एकाच वाजता निघणार नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, कारण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ठरलेली गोष्ट भरतीला बांधलेली असते आणि घड्याळ तिच्यामागून जाते. ऑनलाइन कॅलेंडरमधली दरमहा येणारी सभासुद्धा अशीच कुठल्या तरी एका गावाच्या घड्याळाला बांधलेली असते आणि ते गाव बहुधा निमंत्रण तयार करणाऱ्याचे असते. आमचे निमंत्रण चिटणिसांनी तयार केले होते, म्हणून सभा न्यू जर्सीच्या सकाळी नऊला बांधली गेली. तेच निमंत्रण रत्नागिरीतून निघाले असते, तर आमचे साडेसात कायम राहिले असते आणि त्या रविवारी चिटणिसांना नऊऐवजी दहाला बसावे लागले असते.

म्हणून पहिला निर्णय किती वाजता हा नसून कोणाच्या घड्याळाने हा असावा, असे माझे मत आहे. ज्या गटातील बहुसंख्य लोक भारतात आहेत, त्यांनी सभा भारतीय वेळेला बांधावी आणि निमंत्रणही शक्यतो भारतातल्याच माणसाने काढावे. बाहेरच्या माणसाला ते काढावे लागले, तर गूगल कॅलेंडरसारख्या बहुतेक सोयींमध्ये वेळेच्या शेजारीच टाइमझोन निवडता येतो. तिथे मुंबई शोधू नका. आपली वेळ त्या यादीत कोलकात्याच्या नावाने सापडते. जगभरच्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या टाइमझोनच्या नोंदवहीत भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ अशी आहे, एवढेच त्याचे कारण.

(पडद्यावर: २०२६ मधील घड्याळबदलाच्या तारखा)

आता घड्याळे हलतात कधी, ते पाहू. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर अशा आहेत. ब्रिटन आणि युरोपीय संघात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणजे २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर रोजी. दुबई, ओमान, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया येथे घड्याळे हलत नाहीत. भारतातही आता ती हलवली जात नाहीत. दक्षिण गोलार्धातल्या सिडनीत ऋतूच उलटे असल्यामुळे घड्याळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात.

या तारखांकडे कोकणातल्या आंबा बागायतदाराने विशेष लक्ष द्यावे, कारण मार्च महिना म्हणजे हापूसची आवक वाढू लागण्याचा काळ, आणि नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेचे घड्याळ एका रविवारी तर लंडनचे तीन आठवड्यांनी दुसऱ्या रविवारी उडी मारते. देवगडचा एखादा बागायतदार लंडनच्या खरेदीदाराशी तिथल्या सकाळी दहाला बोलत असेल, तर फेब्रुवारीत त्याला दुपारी साडेतीनला बसावे लागते आणि २९ मार्चपासून अडीचला. हा तास क्षुल्लक नव्हे, कारण त्या दिवसांत बागेतून उतरवलेला माल प्रतवारी करून पेटीत भरण्याची लगबग असते आणि अडीचला त्याचे हात आंब्याच्या चिकात असू शकतात. मधल्या तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतरही पाचऐवजी चार तासांचे होते, त्यामुळे दोन्हीकडच्या खरेदीदारांना एकत्र बोलावणाऱ्याने त्या काळातील प्रत्येक तारीख वेगळी तपासावी. ऑक्टोबरच्या अखेरीस असाच फरक पडतो, पण तो एकाच आठवड्यापुरता असतो.

भारताच्या वेळेतला अर्धा तास परदेशी माणसाला नेहमी अडखळवतो. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे येते. ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. रत्नागिरीच्या डोक्यावर सूर्य येतो तोसुद्धा घड्याळात बारा वाजून सरासरी ३७ मिनिटे झाल्यावरच. मराठी माणसाला या अर्ध्या तासाचे ओझे वाटू नये, कारण दीड, अडीच आणि साडे हे शब्द आपल्या तोंडी बसलेले आहेत. दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच तास मागे, लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. काट्यांचे घड्याळ उलटे धरले की लंडनची वेळ साधारण दिसते, ही जुनी युक्ती आपण ऐकली असेल; भारतात तीन वाजले असता उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात खरे, पण ही युक्ती फक्त हिवाळ्यात चालते.

यानंतर सभेची सूचना लिहिण्याचा प्रश्न येतो. सूचनेत नुसते ‘आयएसटी’ लिहू नये, कारण हीच तीन अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरली जातात. ‘भारतीय वेळ’ असे पूर्ण लिहावे आणि त्याखाली प्रत्येक शहराची वेळ वारासह द्यावी. आपल्या बोलीतही काही खाचखळगे आहेत. ‘परवा’ हा शब्द मागचाही दिवस दाखवतो आणि पुढचाही, त्यामुळे सूचनेत तो नकोच. ‘शनिवारी रात्री दोनला’ असे आपण म्हणतो तेव्हा कॅलेंडरच्या लेखी रविवार उजाडलेला असतो. ‘शनिवारी रात्री बाराला’ हे तर सर्वांत घातक, कारण शनिवार सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, याचा उलगडा होत नाही. अशा वेळी सरळ ११ वाजून ५५ मिनिटे किंवा १२ वाजून ५ मिनिटे लिहून तारीख द्यावी.

सर्वांना सोयीची वेळ शोधण्यात फार शक्ती खर्च करू नका, कारण ती नसते. आमचे साडेसात घ्या. दुबईत तेव्हा संध्याकाळचे सहा आणि लंडनमध्ये दुपारचे दोन किंवा तीन वाजलेले असतात, कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा किंवा सकाळचे सात, आणि सिडनीत ऋतूनुसार मध्यरात्र किंवा रात्रीचा एक. शिवाय रविवार सर्वत्र सुट्टीचा नसतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी नेली असली, तरी कुवेतमध्ये ती शुक्रवार-शनिवारीच आहे. आमचे कुवेतचे सदस्य रविवारी संध्याकाळी पाचला कामावरून परतत असताना गाडीतून सभा ऐकतात, हे आम्हाला वर्षभर ठाऊकच नव्हते. ज्याला मध्यरात्री उठावे लागेल, त्याच्यासाठी रेकॉर्डिंग करावे आणि महत्त्वाच्या ठरावावरचे मतदान सभेनंतर दोन दिवस खुले ठेवावे, अशी पद्धत आम्ही त्या मार्चनंतर घालून घेतली.

(पडद्यावर: रेकॉर्डिंगच्या फाइलचे नाव)

रेकॉर्डिंग आले की वेळेचा घोळ नव्या रूपात समोर येतो. झूमच्या क्लाउडवर साठवलेल्या फाइलचे नाव ‘जीएमटी’ या अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असे आकडे असतात. ते आकडे ग्रिनिचचे असतात, आपले नव्हेत. साडेसातच्या सभेच्या नावात १४०० दिसले, तर सभा दुपारी दोनला झाली असे समजू नये. पहाटेच्या सभेत तर तारीखच बदलते. समजा, उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सदस्यांसाठी तिथल्या शनिवारी दुपारी साडेचारला, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला सभा घेतली, तर फाइलवर शनिवारची तारीख पडते. भारतात पहाटे साडेपाचच्या आत सुरू झालेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगचे असेच होते. वर्षभराने ठराव शोधणारा माणूस इतिवृत्तातील तारखेची फाइल शोधत बसतो आणि ती त्याला सापडत नाही.

यावर आमचा उपाय अगदी साधा आहे. रेकॉर्डिंग सुरू होताच, सर्वांची संमती विचारून झाल्यावर, अध्यक्ष तारीख, वार, भारतीय वेळ आणि सभेचे नाव मोठ्याने उच्चारतात. फाइलचे नाव बदलले गेले, ती एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली, तरी आवाजातली ही नोंद पुसली जात नाही. नंतर फाइलला वर्ष, महिना, दिवस, वेळ आणि ‘भारत’ हा शब्द, या क्रमाने नाव दिले जाते. वर्ष आधी असल्यामुळे यादी आपोआप तारखेनुसार लागते. इतिवृत्तात मंडळाचे कार्यालय जिथे आहे तिथली, म्हणजे गावची तारीख लिहिली जाते. ठरावाचा उल्लेख करताना घड्याळाची वेळ न देता रेकॉर्डिंगचे मिनिट द्यावे, कारण सभा सुरू होणे आणि रेकॉर्डिंग सुरू होणे यांत बहुधा पाच-सात मिनिटे जातात. चॅटमधील नोंदींवर मात्र कुठे घड्याळाची वेळ असते तर कुठे रेकॉर्डिंगची, म्हणून ती आधी एकदा पडताळून घ्यावी.

गणपतीला आखातातून गावी येणाऱ्यांना एक विनंती. लॅपटॉप दुबईच्या वेळेवर ठेवलेला असेल, तर इथे बसूनही त्यात सभा सहालाच दिसेल आणि त्यावर केलेल्या रेकॉर्डिंगवर तीच वेळ उमटेल. लॅपटॉप उघडल्यावर कोपऱ्यातले घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहा.

आमच्या मंडळात एक सदस्य मालवाहू जहाजावर आहेत. जहाज पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाऊ लागले की तिथली घड्याळे वाटेतच पुढे-मागे केली जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी शहराचे नाव लिहून काही उपयोग नसतो. पण ग्रिनिचची वेळ, म्हणजेच यूटीसी, त्यांच्या रोजच्या कामातच असते. म्हणून आमच्या सूचनेत शहरांच्या यादीखाली आता शेवटची ओळ अशी असते: ‘जहाजावर: यूटीसी १४००, रविवार.’ मागच्या सभेला सर्वांत आधी तेच हजर होते.