पत्रा किती उरलाय?

(सागरी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि बोटीवरून निवृत्त झालेले काही अधिकारी यांच्यासमोर जहाजं तपासणाऱ्या एका निवृत्त सर्व्हेयरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो 'जुन्या जहाजांच्या सांगाड्याची विश्वासार्हता'. एवढं जड नाव मी दिलेलं नाही, आयोजकांचं आहे. मी आपला सरळ 'एरिका'पासून सुरू करतो.

११ डिसेंबर १९९९. फ्रान्समधल्या डंकर्कहून इटलीतल्या लिव्होर्नोला निघालेलं हे तेलवाहू जहाज बिस्केच्या उपसागरात वादळात सापडलं. पोटात सुमारे ३१ हजार टन जड इंधन तेल. जहाजावर सव्वीस जण, सगळे आपले भारतीय. दुपारी जहाज उजवीकडे कललं, डेकवर भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दोन तुकडे झाले. सव्वीसही जण हेलिकॉप्टरने वाचले, पण जवळजवळ २० हजार टन तेल समुद्रात गेलं आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा काळा झाला.

जहाज १९७५ साली जपानात बांधलेलं, म्हणजे चोवीस वर्षांचं. आदल्याच वर्षी गोदीत त्याचे पत्रे बदलले होते. वर्ग-प्रमाणपत्र, म्हणजे जहाज ठरलेल्या दर्जाचं असल्याचा वर्गीकरण संस्थेचा दाखला, चालू होतं, सगळे कागद जागच्या जागी. चौकशीत बोट गेलं ते उजव्या बाजूच्या दोन नंबरच्या बॅलास्ट (जहाज तोलायला पाणी घ्यायच्या) टाकीवर आणि तिथल्या गंजावर. प्रकरण जवळजवळ तेरा वर्षं चाललं. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल कंपनीबरोबर ज्या वर्गीकरण संस्थेने ते प्रमाणपत्र दिलं होतं तिलाही दोषी धरलं. आमच्या धंद्यात त्या दिवशी बऱ्याच जणांनी आपापल्या जुन्या फायली उघडून पाहिल्या असतील.

आता, चोवीस वर्षांचं जहाज मोडलं यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. पण चोवीस-पंचवीस वर्षांची कितीतरी जहाजं त्या हिवाळ्यात त्याच समुद्रातून सुखरूप गेली. मग हेच का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जुनं जहाज कमकुवत झालेलं असतं हे खरंच. पण धोका त्याहून मोठा असतो तो ते किती कमकुवत झालंय हे कुणालाच नीट माहीत नसण्याचा. पुढचा तासभर मी एवढंच सांगणार आहे.

आधी गंज. जहाजाची बाहेरची बाजू सगळ्यांना दिसते, तिला दर गोदीला रंग लागतो, झिंकचे अॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) लागतात. ती फारशी त्रास देत नाही. त्रास देते बॅलास्ट टाकी. माल उतरवला की जहाज तोलायला तिच्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, माल भरताना सोडून द्यायचं. म्हणजे कधी खारं पाणी, कधी दमट हवा, तळाला गाळ. टाकीचा वरचा भाग तर धड पाण्यातही नसतो आणि कोरडाही नसतो. दिवसा डेक तापतो, रात्री गार होतो, आतून दव सुटतं. आणि शेजारच्या टाकीत गरम माल असला की विचारूच नका. जड इंधन तेल पातळ राहावं म्हणून तापवून ठेवावं लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की गंजण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो, असा आमचा ढोबळ हिशेब. एरिकाच्या त्या बॅलास्ट टाकीला शेजार होता तो असाच तापवलेल्या तेलाचा.

गंमत पुढे आहे. एरिका आणि तिच्यानंतर २००२ मध्ये स्पेनजवळ मोडलेलं 'प्रेस्टिज' यांच्यामुळे एकेरी कवचाची तेलवाहू जहाजं लवकर मोडीत काढायचं जगाने ठरवलं, दुहेरी कवचाची आली. तेल सांडण्याच्या दृष्टीने उत्तम झालं. पण दोन भिंतींमधली ती जागा म्हणजे बॅलास्ट टाकीच. आतलं तेल थर्मासमधल्या चहासारखं दिवसेंदिवस गरम राहतं, आणि भिंतीपलीकडे खारं पाणी. मोठ्या कच्च्या तेलाच्या जहाजात या टाक्यांचा आतला पृष्ठभाग दोन लाख चौरस मीटरहून जास्त भरतो. तेवढं रंगवायचं आणि तेवढंच तपासायचं. म्हणून तर २००६ मध्ये बॅलास्ट टाक्यांच्या रंगासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय दंडक आला: ३२० मायक्रॉनचा थर आणि पंधरा वर्षं टिकण्याचं लक्ष्य. पंधरा. जहाजाचं आराखड्यातलं आयुष्य पंचवीस. मधल्या दहा वर्षांचं काय, हे मालकाच्या खिशावर आणि चीफ ऑफिसरच्या चिकाटीवर सोडलेलं आहे.

आता धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकून तडा जाणं. त्याचं गणित मी फळ्यावर करून दाखवतो, कारण ते सुंदर आहे. समुद्रात साधारण आठ सेकंदांना एक लाट धरा. पंचवीस वर्षांचे सेकंद जवळजवळ ७९ कोटी. आठने भागा, दहा कोटींच्या जवळ येतं. म्हणजे सांगाडा आयुष्यात दहा कोटी वेळा वाकतो. लाटेचा माथा मध्यभागी आला की दोन्ही टोकं खाली जातात, डेक ताणला जातो, ते हॉगिंग. माथे टोकांना आणि दरी मध्यभागी आली की डेक दाबला जातो, ते सॅगिंग. ताण, दाब, ताण, दाब. प्रत्येक फेरा लहान असतो, पण वेल्डच्या टोकाला, जोडाला आधार देणाऱ्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यात तो साचत जातो.

वेल्ड केलेल्या पोलादाचा ढोबळ नियम असा की आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. समजा पत्र्याची जाडी २० टक्क्यांनी कमी झाली. भार तोच, तर ताण २५ टक्क्यांनी वाढला. सव्वाचा घन जवळजवळ दोन. आयुष्य निम्मं! आणि हाच पत्रा दाबाखाली किती तग धरतो, तर मोडून वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो, ०.८ चा वर्ग ०.६४. एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेली. पाचवा हिस्सा गेला की पाचव्या हिश्शाने कमकुवत, असं आपल्याला वाटत असतं. तसं नसतं.

वर गंज आणि थकवा एकमेकांना हात देतात. कोरड्या हवेत पोलादाला एक उंबरठा असतो, त्याखालचा ताण कितीही वेळा द्या, तडा जात नाही. उघड्या पोलादाला खारं पाणी लागलं की तो उंबरठाच राहत नाही. लहानातली लहान लाटही मोजली जाते. पत्रा वाकला की गंजाची खपली गळते, आतला ताजा धातू उघडा पडतो, पुन्हा गंजतो. रंगाला तडा गेला की पाणी आत शिरायला वाट मिळते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या काही मोठ्या तेलवाहू जहाजांनी एक धडा दिला. जास्त ताकदीचं पोलाद वापरून पत्रे पातळ केले, वजन वाचलं, पैसा वाचला. तीन-चार वर्षांतच बाजूच्या स्टिफनरना, म्हणजे पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांना, तडे दिसू लागले. पोलाद दीडपट ताकदीचं आणलंत म्हणून वेल्डची थकवा सोसण्याची ताकद दीडपट होत नाही. ती जवळजवळ तेवढीच राहते. आणि गंज काही पत्र्याची जात विचारून खात नाही. वीस मिलिमीटरमधले दोन गेले तर दहा टक्के, चौदामधले दोन गेले तर चौदा टक्के.

आता टाकीत उतरू या. आधी हवा तपासायची, कारण लोखंड गंजताना प्राणवायू खातं. बंद टाकीत नुसता गंजसुद्धा माणसाला मारू शकतो. मग मॅनहोलमधून खाली. घोट्याएवढा चिखल, डोक्यावर दिवा, एका हातात चिपिंग हॅमर. बरोबर गेजिंगवाला, म्हणजे पत्र्याची जाडी मोजणारा, असतो, त्याच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्र. पत्रा खरवडायचा, जेल लावायची, प्रोब टेकवायचा, आकडा वहीत. जाडजूड खपल्या पाहून नवखा माणूस घाबरतो. खरं तर गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खपली भयंकर दिसली तरी पत्रा बरा निघू शकतो. उलट वेल्डच्या कडेने स्वच्छ, चकचकीत, बोटाच्या नखाएवढी रुंद खाच दिसली की थांबा. तिथे पोलाद विरघळून चाललंय. ताण त्याच रेषेवर असतो, रंग तिथेच टिकत नाही, आणि गळणारी खपली मागे पुरावा ठेवत नाही. प्रोबचा चेहरा साधारण सेंटिमीटरभर. तो सपाट पत्र्यावर बसतो, खाचेत बसत नाही. वहीत शेजारचा आकडा जातो, १३.२ मिलिमीटर, छान. खाच वहीत येतच नाही.

विश्वासार्हतेचं शास्त्र कामाला येतं ते इथे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचे मेल्चर्स, लिस्बनचे गुएदेस सोआरेस या संशोधकांनी गंजाच्या वाढीची प्रारूपं मांडली: आधी रंग धरून असतो तोवर काही नाही, मग झपाट्याने, मग खपलीचा थर बसला की मंद. या सगळ्या संशोधनातून हाती येतं ते असं, की एकाच टाकीत, एकाच वयाच्या दोन पत्र्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून एक आकडा सांगण्यापेक्षा सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा, असे दोन आकडे सांगावे लागतात.

उदाहरण माझं, सोयीचे आकडे घेतलेलं. नव्या जहाजाची ताकद सरासरी १००, पसारा १०. सगळ्यात वाईट वादळाचा भार सरासरी ६०, पसारा ९. ताकदीचा आणि भाराचा असे दोन्ही वक्र जिथे एकमेकांवर चढतात तिथे अपघात. गणित केलं तर शक्यता सहाशे-सातशेत एक. वीस वर्षांनी ताकद ८५ झाली, फक्त पंधरा टक्के घट. पसारा तोच, १० धरला, तर शक्यता बत्तिसात एक. आता माझी मापं विरळ आहेत, खाचा निसटल्यात, म्हणून पसारा १४ झाला असं माना. पंधरात एक! लोखंडाचा एक कणही जास्त गंजला नाही. आमच्या अज्ञानाने धोका दुप्पट झाला. मी इतकी वर्षं टाकीत उतरायला सांगतोय ते याचसाठी. चांगली तपासणी पत्रा जाड करत नाही, पसारा कमी करते.

नियम काय सांगतात? १३० मीटर आणि त्याहून लांब, दहा वर्षांवरच्या तेलवाहू जहाजाच्या आडव्या छेदाची वाकण विरोधणारी ताकद नव्याच्या ९० टक्क्यांखाली जाता कामा नये. १९९३ पासून तेलवाहू आणि बल्क (खनिज, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या) जहाजांना वाढीव तपासणी आहे, आणि वय वाढेल तशी जवळून पाहायची जागा वाढते. नियम चांगले आहेत. पण ९० टक्के ही सरासरी आहे, आणि तडा कधीच सरासरीपासून सुरू होत नाही. १९८० साली उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड हा तेलक्षेत्रातला तरंगता फलाट उलटला, १२३ माणसं गेली. तडा सुरू झाला होता ते एका ध्वनियंत्राचा आधार बसवायला मारलेल्या सहा मिलिमीटरच्या वेल्डपासून. ते जहाज नव्हतं, पण वेल्डला ते कुठे ठाऊक असतं!

बल्क जहाजांचं आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. मुरगावहून वर्षानुवर्षं लोहखनिज गेलं, कोकणातली कितीतरी घरं बल्क जहाजांच्या पगारावर उभी राहिली. खनिज जड, म्हणून होल्डच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या, तळाशी थोडंसंच दिसतं आणि ताण मात्र एकाच जागी. कोळशातलं गंधक ओलाव्याबरोबर आम्ल होतं. उतरवताना ग्रॅब, म्हणजे माल उचलणारा लोखंडी पंजा, आदळतो, बुलडोझर फिरतो, बाजूच्या फ्रेमच्या पायथ्याचा ब्रॅकेट आधी पातळ होतो, मग सुटतो, मग बाजूचा पत्रा आधाराविना राहतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अशी जहाजं एकामागून एक बुडाली, आणि १ जुलै १९९९ पासून बल्क जहाजांच्या सुरक्षेचं स्वतंत्र प्रकरण सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात लागू झालं. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर 'राक' बुडालं, आत ६० हजार टन कोळसा. तीसही जणांना वाचवलं हे आपल्या लोकांचं कौतुक. पुढे २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने शंभर कोटींची भरपाई ठोठावली. ते जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचंच नव्हतं, असं लवादाचं म्हणणं पडलं. ऐन पावसाळ्यात, आपल्या दारात.

मग वयाची मर्यादा घाला, पंचवीस झाली की मोडीत काढा, असं म्हणणारे असतात. धोरण म्हणून ते मला समजतं, कारण वय कागदावर दिसतं आणि टाकी दिसत नाही. पण चोवीस वर्षांचं, टाक्या वेळेवर रंगवलेलं जहाज आणि चौदा वर्षांचं, तीन मालक बदललेलं जहाज यांत मला निवडायला लावलंत तर मी पहिल्यावर चढेन. फक्त आधी त्याची गेजिंगची वही बघेन, आणि एकाच पत्र्याचे पाच वर्षांपूर्वीचे आणि आजचे आकडे लावून पाहीन. जाडी पाच वर्षांत वाढलेली दिसली, आणि असं दिसतं बरं का, तर वही कुठे भरली ते कळतं. टाकीत नव्हे, केबिनमध्ये.

मागून एकाने विचारलं की आता ड्रोन आलेत, मग माणूस कशाला उतरवायचा. चांगला प्रश्न आहे. ड्रोन वापरा, जरूर वापरा. वीस-पंचवीस मीटर उंचीवरचे डेकखालचे स्टिफनर बघायला पूर्वी टाकीत पाणी भरून रबरी तराफ्यावरून फिरावं लागायचं, त्यात माणसं मेलीत. वर्गीकरण संस्थाही आता ड्रोनची तपासणी मान्य करतात. डेकवर ताण मोजणारी यंत्रंही बसवा. त्यांनी भाराचा पसारा कमी होतो. पण ड्रोनला गाळाखालचं दिसत नाही आणि खपलीखालचंही दिसत नाही. तेव्हा ड्रोन उडवायच्या आदल्या दिवशी चीफ ऑफिसरला सांगा, टाकी गोड्या पाण्याने धुऊन ठेव, तळाचा गाळ उपसून घे आणि वेल्डच्या रेषा खरवडून ठेव. तो कुरकुर करेल. करू दे.