गेज विचारता, मग ग्रॅम का नाही विचारत?

मागचे जरा पुढे या, पंखे सगळे इकडेच आहेत. फलकावर लिहिलंय 'तारेवर जस्त चढवण्याच्या पद्धती', ते मी सांगणारच आहे, पण आधी माझी जुनी तक्रार ऐकून घ्या, कारण ती ऐकल्याशिवाय पद्धती सांगून काही उपयोग नाही.

इथे निम्मे द्राक्षवाले, उरलेले फॅब्रिकेशनवाले. द्राक्षाच्या मंडपाची तार घ्यायला गेलात की विचारता काय? गेज किती, म्हणजे तारेची जाडी, आणि किलोचा भाव काय. आणि मग बंडल उन्हात धरून चमक बघता. दुकानदार म्हणतो, जीआय आहे साहेब, काळजीच नको. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, गंजू नये म्हणून जस्त चढवलेलं लोखंड. अहो, चौरस मीटरला ५० ग्रॅम जस्त असलं तरी ती जीआय आणि २५० असलं तरी जीआयच! ५० ग्रॅम म्हणजे साधारण ७ मायक्रॉन जाडीचा थर, २५० म्हणजे ३५. एकाच हवेत जस्त झिजायचा वेग तोच, म्हणजे आयुष्यात ढोबळमानाने पाचपट फरक. भावात असतो का पाचपट? मी एका दुकानात विचारलं, कोटिंग किती आहे हो? मालक म्हणाले, "फुल्ल." (हशा) हसू नका, बिलावरही तेवढंच लिहून मिळतं.

बरं, सर्टिफिकेट मिळालं तरी ते कुठल्या बंडलाचं? यावर ब्रुकलिन ब्रिजची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यावा. न्यूयॉर्कचा तो झुलता पूल, १८८३ साली खुला झाला. खाली खारं पाणी म्हणून चीफ इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगने अट घातली की केबलची पोलादी तार जस्त चढवलेलीच हवी, झुलत्या पुलाला अशी तार पहिल्यांदाच लागत होती. ठेका गेला जे. लॉइड हेग नावाच्या माणसाकडे. याच्या कारखान्यात इन्स्पेक्टर तार तपासायचे, पास झालेली तार गाडीत भरायची, आणि ती गाडी वाटेत मध्येच वळायची! चांगली तार उतरवून रिजेक्ट झालेली भरायची, ती पुलावर जायची, आणि चांगली तीच तार परत कारखान्यात नव्याने तपासायला हजर. म्हणजे ठरावीक चांगली बंडलं, पुन्हा पुन्हा पास. १८७८ मध्ये हे उघडकीला आलं तोवर खराब तार केबलमध्ये विणूनही झाली होती, काढणार कशी? रोबलिंगने मुळात ताकद लागेल त्याच्या सहापट धरली होती, त्याने हिशोब केला की पाचपट तरी उरतेच, आणि वर प्रत्येक केबलमध्ये १५० जादा तारा हेगच्या खर्चाने घालायला लावल्या. पूल अजून उभा आहे. तिथे खोट ताकदीत होती, जस्तात नव्हती, कबूल. पण तुमच्या मंडपात कोणी सहापट धरलंय का?

तर तपासायचं कसं? द्राक्षवाल्यांना हे अर्धं येतंच. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करताना विळा बुडवून बघता ना, लालसर तांबं चढलं की चुना कमी पडला? तीच केमिस्ट्री. तार मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात एकेक मिनिट बुडवायची, धुवायची, पुसायची. जस्त असेपर्यंत काळपट थर येतो, तो पुसला जातो. लोखंड उघडं पडलं की चकचकीत तांबं घट्ट बसतं. याला प्रीस टेस्ट म्हणतात. यात कळतं कोट कुठे पातळ आहे ते, ग्रॅम नाही कळत. ग्रॅमसाठी लॅबमध्ये तुकड्याचं वजन करून ॲसिडमध्ये जस्त उतरवतात आणि परत वजन करतात.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, पळतो आता.

पहिली पद्धत हॉट डिप. तार ॲसिडने साफ करून, फ्लक्स (जस्त नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून साधारण ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्तातून ओढायची. लोखंड आणि जस्त यांचे मिश्रधातूचे थर तयार होतात, वर शुद्ध जस्त, त्यामुळे पकड घट्ट. बाहेर काढताना पॅडने दाबून पुसली तर हलका कोट, सरळ उभी वर ओढली तर जाड ठेवता येतो, म्हणजे एकाच टाकीतून दोन्ही माल निघतात! मंडप, काटेरी तार, कुंपणाची जाळी, वीजवाहिनीतली मधली पोलादी तार, सगळीकडे हीच. तोटा असा की मिश्रधातूचा थर कडक, तो जाड झाला आणि तार फार आवळून वाकवली तर तडकतो.

दुसरी इलेक्ट्रो. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणातून करंट सोडून चढवायचं. भट्टीची उष्णता नाही, कोट शुद्ध आणि लवचिक, गुळगुळीत, चमक एकदम झकास, पण बाजारात मिळते ती बहुतेक पातळ. स्टेपल पिना, घरातलं बारीक काम, ठीक. आणि तुम्ही उन्हात धरून पसंत करता ती बऱ्याचदा हीच, उघड्या पावसात ती नको.

तिसरी, जस्तात ५ टक्के ॲल्युमिनियम. वितळते ३८२ डिग्रीलाच, कडक थर अगदी पातळ, त्यामुळे वाकवायला छान, आणि तेवढ्याच ग्रॅमला साध्या जस्तापेक्षा जास्त टिकते. दगड भरायचे जाळीचे पिंजरे, गॅबियन, असतात ना, त्यांना वापरतात. महाग आहे, पण समुद्रकाठी मी तीच घेईन.

जस्ताच्या पावडरीत तापवायची शेरार्डायझिंग ही नटबोल्टची पद्धत, ती सोडतो.

वेल्ड जाळीचं मघाशी कोणीतरी विचारलं. आधी जाळी वेल्ड करून मग बुडवलेली घ्या. जस्त चढवलेली तार नंतर वेल्ड केली की नेमकं सांध्यावरचं जस्त उडतं, गंज तिथूनच सुरू होतो. आणि बंडलं ओल्या फरशीवर थप्पी लावून ठेवू नका, पांढरा गंज धरतो. उठवा आता मला, पुढचे वक्ते घड्याळ बघतायत.