रॅमडिस्कवरची फाइल पुसली, मग रॅम का सुटत नाही?

(जळगाव येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

ज्यांच्या लॅबमध्ये 4 जीबीची मशीनं आहेत, त्यांना आजचा विषय जास्त लागू पडेल. लिनक्समध्ये रॅमचीच डिस्क करून देणारा ब्रड नावाचा ड्रायव्हर आहे. मॉड्यूल लोड करताना आरडी-साइज किलोबाइटमध्ये द्यायचा. 1048576 दिलं की 1 जीबीची डिस्क मिळते. ती मिळाली म्हणून लगेच 1 जीबी रॅम अडकत नाही. ड्रायव्हर 4 केबीचं एक-एक पान लागेल तसं घेतो, तेही त्या जागी पहिल्यांदा काही लिहिलं जातं तेव्हाच. कधीच न लिहिलेली जागा वाचली तर नुसते शून्य परत येतात. घेतलेल्या पानांचा हिशेब एका वृक्षरचनेत ठेवलेला असतो. आधी रेडिक्स ट्री होती, आता एक्सअ‍ॅरे आहे.

घेण्याचं हे इतकं सोपं आहे. सगळी गुंतागुंत परत देण्यात आहे.

या डिस्कवर एक्सटी4 ही फाइलसिस्टिम फॉरमॅट करा, माउंट करा, 600 एमबीची फाइल लिहा, सिंक करा. मग मेमइन्फो, म्हणजे कर्नलने दिलेला रॅमचा हिशेब, बघा. इथे बहुतेक जण मेमफ्रीचा, म्हणजे अगदी रिकाम्या रॅमचा, आकडा बघतात आणि घाबरतात, कारण तो जवळपास 1200 एमबीने उतरलेला असतो. यात 600 एमबी ड्रायव्हरची पानं आणि 600 एमबी त्याच फाइलची पेज कॅशमधली, म्हणजे कर्नल फाइल्सचा डेटा रॅममध्ये हाताशी ठेवतं तिथली, दुसरी प्रत. म्हणून मेमअव्हेलेबल बघायचं. कॅश सोडता येते हे त्या आकड्यात धरलेलं असतं, तो साधारण 600 नेच उतरतो. माउंटनंतर काही न करताही थोडी रॅम गेली, तर ते एक्सटी4 मागच्या मागे आयनोड टेबलं (आयनोड म्हणजे एकेका फाइलची नोंद) शून्याने भरत असल्यामुळे. 1 जीबीवर डीफॉल्ट 65536 आयनोड, प्रत्येकी 256 बाइट, म्हणजे 16 एमबी.

आता फाइल पुसा. कॅशमधली प्रत जाते. ड्रायव्हरकडचे 600 एमबी मात्र जागचे हलत नाहीत. कर्नलला कॅश रिकामी करायला सांगणाऱ्या ड्रॉप-कॅशेस फाइलमध्ये 3 लिहून बघा, तरी नाही, कारण ही पानं कॅश नाहीतच. ती स्लॅबमध्ये (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तूंची मेमरी) किंवा शेअर्ड मेमरीतही मोजली जात नाहीत आणि स्वॅपवरही जात नाहीत. एवढी रॅम खाल्ली कोणी हे मेमइन्फो वाचून कळत नाही, ते त्यामुळे.

जिनिंगच्या गोदामात मुनीमजींनी वहीतली नोंद खोडली, पण हमालाला कोणी सांगितलंच नाही, तर गाठी पडल्या जागी पडून राहतात. फाइल पुसणं म्हणजे फाइलसिस्टिमने आपल्या बिटमॅपमध्ये ‘हे ब्लॉक मोकळे’ असं लिहिणं. खालच्या ड्रायव्हरला त्यातलं काहीही दिसत नाही. तो निरोप पोचवणाऱ्या विनंतीला डिस्कार्ड म्हणतात; एसएसडीला जी ट्रिम पाठवतात, तीच.

निरोप दोन प्रकारे जातो. माउंट करताना डिस्कार्ड पर्याय दिला, तर पुसलेली जागा आपोआप कळवली जाते. नाहीतर एफएसट्रिम हा आदेश हाताने चालवायचा. एफएसट्रिमच्या आधी सिंक करायला विसरू नका. एक्सटी4 मध्ये पुसलेले ब्लॉक जर्नलचा (बदल आधी नोंदवून ठेवणाऱ्या वहीचा) व्यवहार पक्का झाल्यावरच खऱ्या अर्थाने मोकळे होतात, आणि तो डीफॉल्टने 5 सेकंदांनी पक्का होतो. घाईत चालवलेला एफएसट्रिम त्या ब्लॉकना हातच लावत नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवला आणि 0 बाइट दाखवले, तर बिघाड समजू नका. कुठले गट ट्रिम झाले हे एक्सटी4 अनमाउंट होईपर्यंत लक्षात ठेवतं. मध्ये डीएम-क्रिप्टचा, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारा, थर असेल, तर तो डिस्कार्ड अडवतो. उघडतानाच अलाउ-डिस्कार्ड्स द्यावं लागतं.

आता ड्रायव्हरच्या आत येऊ. चुका होतात त्या इथेच.

सेक्टर 512 बाइटचा, पान 4096 चं. म्हणजे एका पानात 8 सेक्टर. समजा डिस्कार्ड आला सेक्टर 5 पासून 29 पर्यंत: 25 सेक्टर, साडेबारा केबी. पान अर्धं सोडता येत नाही. म्हणून सुरुवात वर ओढायची, 5 चे 8. शेवट खाली ओढायचा, 30 चे 24. सेक्टर 8 ते 23, म्हणजे दोनच पानं सुटली, 8 केबी. उरलेले साडेचार केबी तसेच राहतात आणि ते बरोबरच आहे, कारण 0 ते 4 या सेक्टरांत कोणाचा तरी जिवंत डेटा असू शकतो. उलट दिशेने ओढलं तर तोच उडेल.

हे गणित कागदावर सोपं वाटतं, पण कोडमध्ये हमखास घसरतं. सुरुवात वर ओढायला कोणी ‘सेक्टर अधिक 8, मग 8 चा बिट पुसा’ असं लिहितं. 5 टाकून बघा: 13 होतात, 8 चा बिट गेला की पुन्हा 5. काहीच ओढलं गेलं नाही. 8 टाका: 16 होतात, म्हणजे आधीच जुळलेलं एक अख्खं पान विनाकारण वगळलं. मिळवायचे 7 आणि मास्कही 7 चा हवा, 8 चा नव्हे. त्यापेक्षा कर्नलचा राउंड-अप वापरावा. दुसरा खड्डा छोट्या विनंतीचा. सेक्टर 3 ते 6 आले, तर सुरुवात 8 होते आणि शेवट 0. लांबी काढायला वजाबाकी केली आणि प्रकार अनसाइन्ड असला, की प्रचंड मोठा आकडा येतो आणि लूप पुढची सगळी पानं सोडत सुटतो. आधी सुरुवात-शेवट तपासा, मगच वजाबाकी.

पान 4 केबीचंच असेल असंही धरून चालू नका. काही आर्म कर्नलवर ते 64 केबीचं असतं. तिथे 4 केबीचे सोळा ब्लॉक सलग आणि जुळलेले मोकळे झाल्याशिवाय एकही पान सुटत नाही.

मग स्पर्धेचा प्रश्न. एक थ्रेड वाचायला आला, एक्सअ‍ॅरेतून पानाचा पत्ता घेतला, अजून कॉपी करायची आहे. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ते पान डिस्कार्ड करून परत दिलं आणि अ‍ॅलोकेटरने ते तिसऱ्याच प्रोसेसला दिलं. पहिला थ्रेड आता परक्याचा डेटा वाचतोय. तो लिहीत असता, तर परक्याची मेमरी बिघडवली असती. फाइलसिस्टिम एरवी असं करत नाही, पण माउंट असताना कोणी थेट डिव्हाइस वाचू शकतं, म्हणून ड्रायव्हरने भरवशावर राहू नये. उपाय असा की पत्ता शोधणं आणि कॉपी करणं, दोन्ही एकाच आरसीयू वाचन-कक्षेत (आरसीयू म्हणजे वाचकांना न अडवता, जुने वाचक संपेपर्यंत मेमरी न सोडण्याची कर्नलची पद्धत) ठेवायचं आणि पान एक्सअ‍ॅरेतून लगेच काढलं तरी सोडायचं कॉल-आरसीयूने, जुने वाचक बाहेर पडल्यावर. यात एक अडचण आहे: नवीन पान घेताना थ्रेडला झोप लागू शकते, म्हणजे थांबून राहावं लागू शकतं, आणि आरसीयू कक्षेत झोपायला मनाई आहे. म्हणून बाहेर येऊन पान घ्यायचं, परत आत जायचं आणि मधल्या काळात तिथे दुसऱ्या कोणी पान बसवलं का ते बघूनच आपलं बसवायचं.

“मग भो, पहिल्यापासूनच असं का नाही केलं?” हा प्रश्न रास्त आहे. जुना ब्रड डिस्कार्डवर पान सोडत नव्हता, नुसते शून्य भरायचा. कारण कोडमध्येच लिहिलेलं होतं: रॅमची ओढाताण असताना कर्नल गलिच्छ पानं, म्हणजे बदललेली पण डिस्कवर न गेलेली, डिस्कवर लिहून जागा करू बघतं. ती डिस्क रॅमचीच असेल आणि लिहायला नवीन पान लागत असेल, तर जागा करायलाच जागा हवी, आणि सगळं तिथेच अडकतं. भीती खरी आहे. पण नुसते शून्य भरण्याला डिस्कार्ड म्हणण्यात अर्थ नव्हता. 2017 मध्ये तो आधार काढून टाकला गेला, आणि पान खरोखर सोडणारा डिस्कार्ड बऱ्याच वर्षांनी परत आला.

मधल्या काळातलं कर्नल तुमच्याकडे असेल, तर एफएसट्रिम सरळ नाही म्हणेल. डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके आदेशाला मोठा डी द्या. डिस्क-ग्रॅन रकान्यात 0 आला की आधार नाही. तिथे अनमाउंट करून मॉड्यूल काढणं, एवढाच मार्ग. त्याहून जुन्या कर्नलांवर ब्लॉकडेव्ह आदेशाचा फ्लशबफ्स पर्याय सगळी पानं सोडायचा, पण डिव्हाइस दुसऱ्या कोणी उघडलेलं नसेल तरच. फाइल्सच ठेवायच्या असतील, तर टीएमपीएफएस ही थेट रॅममध्ये राहणारी फाइलसिस्टिम घ्या. तिथे पुसलं की पान त्याच क्षणी सुटतं. ब्रड लागतो तो ब्लॉक डिव्हाइसच हवं असतं तेव्हा, उदाहरणार्थ फाइलसिस्टिमची चाचणी घेताना.

झेडरॅमवर, म्हणजे डेटा कॉम्प्रेस करून ठेवणाऱ्या रॅमडिस्कवर, हाच प्रयोग करणार असाल, तर फाइल यूरँडममधून, म्हणजे यादृच्छिक बाइटांनी, भरा. शून्यांचं पान झेडरॅम साठवतच नाही, नुसती खूण ठेवतो. मग सुटायला काही उरत नाही. स्वॅप म्हणून वापरताना तिथे डिस्कार्डची गरज नसते, स्लॉट सुटला की कर्नल ड्रायव्हरला थेट कळवतं. फाइलसिस्टिम म्हणून वापरलात, तर एफएसट्रिम लागतोच. आणि एफएसट्रिमनंतरही झेडरॅमच्या एमएम-स्टॅट या आकडेवारीच्या फाइलमधला तिसरा आकडा, एकूण वापरलेली रॅम, दुसऱ्या म्हणजे कॉम्प्रेस झालेल्या आकाराच्या बराच वर राहिला, तर झेडएसमॅलॉकमध्ये (झेडरॅमला मेमरी देणाऱ्या अ‍ॅलोकेटरमध्ये) अर्धवट भरलेली पानं साचली आहेत. कॉम्पॅक्ट फाइलमध्ये 1 लिहा आणि तिसरा आकडा पुन्हा वाचा.