तिजोरी सांभाळणाराच उधार देतो तेव्हा

अमेरिकेतला एक म्युच्युअल फंड घ्या. सोमवारी त्याने टोकियोत शेअर विकले आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये दुसरे घेतले. आता २८ मे २०२४ पासून अमेरिकेत टी प्लस वन, म्हणजे सौद्यानंतर एका दिवसाने, पैसे मंगळवारी मोजायचे, आणि जपानात टी प्लस टू, तिकडचे येणार बुधवारी. मंगळवारी खात्यात खडखडाट!

तरी सौदा सेटल होतो. कारण कस्टोडियन, म्हणजे स्टेट स्ट्रीट, बीएनवाय असल्या बँका, ज्यांच्याकडे फंडाचे शेअर सांभाळायला असतात, ती बँक पदरचे पैसे भरून मोकळी होते. मी पुण्यात अशाच एका बॅक ऑफिसला होतो, आल्या आल्या पहिला उघडायचो तो ओव्हरड्राफ्ट रिपोर्ट, आणि लाल आकड्यापुढे बहुतेकदा एकच कारण टाइप करायचो, पैसे वाटेत आहेत.

मग बँक इतकी बिनधास्त कशी? बघा, सोनाराकडे उधार मागायला गेलं तर आधी बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. इथे बांगड्या आधीपासूनच त्याच्या तिजोरीत, आणि भाव त्याला रोज माहीत! करारात कलम असतं की उधारी असेल तेवढ्यापुरता फंडाच्या मालमत्तेवर बँकेचा तारण हक्क, फंडाने नाही भरले तर विकून वसूल करा. शिवाय तिकडे यूसीसी म्हणून व्यापारी व्यवहारांचा कायदा आहे, त्याचं कलम ९-२०६ म्हणतं की पैसे यायच्या आधीच बँकेने शेअर खात्यात जमा केले तर त्या शेअरवर हक्क आपोआप लागतो, वेगळी नोंदणी वगैरे काही नाही. तेच शेअर आणखी कुणाकडे तारण असले तरी सहसा पहिला नंबर कस्टोडियनचा.

पण हात कुठेही घालता येत नाही हां. एका ट्रस्टखाली पाच-दहा फंड असतात, तिथे बाँड फंडाच्या उधारीपोटी इक्विटी फंडाचे शेअर ओढले तर त्या बिचाऱ्या गुंतवणूकदारांनी काय घोडं मारलंय? म्हणून फंडाचे वकील हे करारात अगदी ठासून लिहून घेतात. आणि म्युच्युअल फंडांना लागू असलेल्या १९४० च्या अमेरिकी कायद्याने असा फंड उधारी फक्त बँकेकडूनच घेऊ शकतो, तीही १०० डॉलर घेतले तर ते धरून एकूण मालमत्ता निदान ३०० हवी.

प्रत्यक्षात विकायची वेळ क्वचितच येते. बुधवारी येन आले, त्यांचे डॉलर झाले, लाल आकडा गेला, एका दिवसाचं व्याज तेवढं कापलं गेलं.