15 लाख 69 हजार कोटींची तूट जाते कुठे?

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बजेटच्या दुसऱ्या दिवशी मिरजकर तिकटीला चहा प्यायला उभं राहा. "देश कर्जात बुडाला की ओ!" हे कोणीतरी म्हणणारच. आकडाच एवढा मोठा असतो की माणूस दचकतो. आज तो आकडा जरा फोडून बघू.

2025-26 चं केंद्राचं बजेट घ्या. खर्च 50 लाख 65 हजार कोटी, कर्ज सोडून जमा 34 लाख 96 हजार कोटी. उरलेले 15 लाख 69 हजार कोटी ही राजकोषीय तूट, जीडीपीच्या 4.4 टक्के. तूट एका वर्षाची असते. वर्षानुवर्षांच्या तुटी साचल्या की त्याचं कर्ज होतं, आणि केंद्राचं कर्ज जीडीपीच्या 56 टक्क्यांच्या आसपास आहे. टीव्हीवर या दोन्हींची रोज खिचडी होते, ते जाऊ द्या.

त्याच बजेटात व्याजाची रक्कम आहे 12 लाख 76 हजार कोटी. व्याज बाजूला काढलं तर तूट तीन लाख कोटींच्याही आत येते. तिला प्राथमिक तूट म्हणतात. म्हणजे त्या वर्षाच्या उधळपट्टीपेक्षा आधीच्या सगळ्या सरकारांची देणीच आपल्या अंगावर जास्त आहेत. कुठल्याही पक्षाला हे सभेत सांगायला आवडत नाही.

आता कर्ज कशासाठी, ते बघू. शेतकऱ्यानं नदीवरून पाइपलाइन आणायला कर्ज काढलं तर ऊस ते फेडतो. बारशाच्या जेवणावळीला काढलं तर पुढच्या हंगामाचं बिल त्यातच जातं. सरकारच्या हिशोबात ही जेवणावळ शोधायची तर महसुली तूट बघायची: 5 लाख 24 हजार कोटी. एकूण तुटीचा तिसरा हिस्सा पगार, पेन्शन, अनुदानं, व्याज अशा चालू खर्चात जातो. राज्यांना दिलेली काही अनुदानं शेवटी बांधकामावरच लागतात, असं सरकार म्हणतं, आणि ते खोटं नाही. तरीही मी आधी हाच आकडा बघतो.

देणारे कोण? बहुतांशी आपणच. बँकांना ठेवींच्या 18 टक्क्यांइतकी रक्कम रोखे, सोनं अशा सुरक्षित रूपात ठेवावी लागते, आणि त्यात मुख्यतः सरकारी रोखेच असतात, म्हणजे सरकारनं घेतलेल्या कर्जाचे कागद. आपल्या नागरी सहकारी बँकाही त्यातून सुटत नाहीत. एलआयसीचा हप्ता, पीएफ, तिथलाही बराच पैसा याच रोख्यांत. हे कर्ज रुपयांत आहे, म्हणून धोका वेगळ्या जातीचा. 1991 मध्ये डॉलर संपत आले, तेव्हा 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. श्रीलंकेनं 2022 च्या एप्रिलमध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली, तीही डॉलरच्याच टंचाईनं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "रुपये आपलेच, तर नोटा छापून मोकळं का होत नाहीत?" तो रस्ता 1997 पासून बंद होत आला. 1 एप्रिल 2006 पासून रिझर्व्ह बँक सरकारकडून थेट रोखे घेत नाही. बाजारातून मात्र घेते. कोरोनाच्या काळात, 2021 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत एक लाख कोटींचे घेतले. ही मागच्या दाराची छपाईच, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. छपाई ठरली असती तर रोखे बाजारात विकायची गरजच उरली नसती, आणि ते किती व्याजानं विकले जातात यावर सरकारला आजही डोळा ठेवावा लागतो.