डोरेमॉनचा ‘ओरिजिनल’ आवाज कुठला? एकदाचं सांगून टाकते!

नमस्कार मंडळी! आज खरं तर कपाट आवरतानाचा व्हिडिओ टाकायचा होता. तो राहिला, कारण मागच्या व्हिडिओखाली परत तीच कमेंट. “ताई, हिंदी डब बकवास आहे, ओरिजिनल आवाजातच बघा.” त्याखाली दुसरा विचारतो, “ओरिजिनल म्हणजे जुना की नवा?” त्याखाली तिसरा, “आमच्यासाठी हिंदीच ओरिजिनल.” आणि मग तिघांची जी जुंपली! मी मध्ये पडले नाही, नुसती लांबून मजा बघितली. पण आता हाच प्रश्न इन्स्टावरही यायला लागलाय, त्यामुळे बसा.

बेसिक धावत सांगते, तुम्हाला माहीतच आहे. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचायची. अ‍ॅनिमे म्हणजे अ‍ॅनिमेशनमधली मालिका किंवा सिनेमा. सेइयू म्हणजे आवाज देणारे कलाकार. डोरेमॉन, म्हणजे नोबिता नावाच्या मुलाला सांभाळायला भविष्यातून आलेला रोबो बोका, काढला फुजिको एफ. फुजिओ यांनी, खरं नाव हिरोशी फुजिमोतो. शोगाकुकान प्रकाशनाच्या लहान मुलांच्या सहा मासिकांत एकदमच सुरू झाला, जानेवारी १९७०च्या अंकांत. अंक बाजारात आले डिसेंबर १९६९मध्ये, म्हणून दोन्ही वर्षं लिहिलेली दिसतात. पुढे निवडक गोष्टींचे ४५ खंड निघाले. झालं बेसिक.

[खंड कॅमेऱ्यासमोर धरते]

आता ही चौकट बघा. दिसतंय का? थांबा, लाइट येतोय… हां. नोबिता तोंड वासून रडतोय. बाजूला रडण्याचा आवाज अक्षरांत काढलाय. दार आपटलं तर दाराचा आवाज अक्षरांत. जपानी मांगात शांततेचासुद्धा आवाज लिहितात बरं का, “शीऽऽन” असा! कोणी काहीच बोलत नाहीये, तर पानभर शीऽऽन. पण नोबिताचा स्वतःचा आवाज जाड की बारीक, चिरका की गोड, हे या पानावर कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मांगा मुका असतो. तुम्ही वाचताना मनात जो आवाज लावता तो तुमचा.

ओरिजिनलवाल्यांनो, ही गोष्ट पहिली.

दुसरी. समजा तुमचं म्हणणं असं, की पहिल्यांदा टीव्हीवर जो आला तो ओरिजिनल. चालेल. कोणाचा होता? बहुतेक जण उत्तर देतात नोबुयो ओयामा. चूक! ओयामाबाई आल्या १९७९मध्ये, टीव्ही आसाहीच्या मालिकेत. त्याच्या सहा वर्षं आधी, एप्रिल १९७३मध्ये, निप्पॉन टीव्हीवर डोरेमॉनची एक मालिका येऊन गेली होती. आणि त्यात डोरेमॉनचा पहिला आवाज पुरुषाचा होता! कोसेई तोमिता. घोगरा, वयस्क काकांचा असावा तसा. निम्म्या वाटेवर त्यांना बदललं आणि आल्या मासाको नोझावा. नाव ओळखीचं वाटलं? वाटायलाच पाहिजे. पुढे १९८६पासून ड्रॅगन बॉलमधला गोकू याच बाईंचा. गोकू, त्याचा मुलगा गोहान, धाकटा गोतेन, सगळे त्याच! ती १९७३ची मालिका सहा महिन्यांत संपली आणि काढणारी कंपनीही पुढे बंद पडली.

माझी आवडती गंमत अजून पुढे आहे. त्या १९७३च्या मालिकेत नोबिताच्या आईचा आवाज होता नोरिको ओहारा यांचा. १९७९मध्ये त्याच ओहाराबाई झाल्या नोबिता! आई होती, ती लेक झाली. आणि १९७३मध्ये जियानचा आवाज देणारे कानेता किमोत्सुकी १९७९मध्ये झाले सुनिओ. म्हणजे आधी मारणारा, मग मार खाणारा. आता सांगा, यातला कुठला ओरिजिनल धरू?

बरं, ओयामाबाईंबद्दल थोडं सांगते, कारण त्या २०२४च्या सप्टेंबरमध्ये गेल्या आणि तेव्हा मी व्हिडिओ केला नाही म्हणून तुमच्यातल्या काहींनी मला ऐकवलं होतं. शाळेत असताना त्यांच्या आवाजाला पोरं हसायची. आईने सांगितलं, आवाज लपवू नकोस, उलट वापर. मग त्या शाळेच्या ब्रॉडकास्टिंग क्लबमध्ये गेल्या. डोरेमॉन मिळाला तेव्हा वय ४५. आणि त्यांनी ठरवलं, की हा भविष्यातून मुलाला सांभाळायला आलेला रोबो आहे, तर हा शिवराळ बोलणार नाही, नीट अदबीने बोलेल. “बोकू दोराएमोन देस”, म्हणजे “मी डोरेमॉन आहे”, यातला शेवटचा “देस” आहे ना, तो अदबीचा. कागदावरच्या बोक्याला स्वभाव दिला तो अशा बारीक ठिकाणी.

आणि तिसरी गोष्ट तर मला फ्रेम करून भिंतीवर लावायची आहे. ओयामाबाई सांगायच्या, की फुजिमोतोंनी त्यांचं काम पाहिलं आणि म्हणाले, अच्छा, डोरेमॉनचा आवाज असा होता होय! अहो, ज्याने दहा वर्षं तो बोका काढला त्यालाच आवाज माहीत नव्हता. ऐकल्यावर कळला. आणि तुम्ही मला कमेंटमध्ये सांगता ओरिजिनल कुठला ते.

पाणी पिते. थांबा.

हां, तर एक फाटा. दर वेळी कोणीतरी विचारतं, “मुलाचा आवाज बाईने का काढायचा? विचित्र नाही वाटत?” अहो, ज्यांच्या आजी-पणजीने बालगंधर्वांची साडी नेसायची ढब उचलली त्या मराठी माणसाने हे विचारावं? कारण साधं आहे. खऱ्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो, मालिका चालते पंचवीस वर्षं, आणि नोबिता अजून प्राथमिक शाळेतच! १९६३मध्ये ओसामू तेझुका या मांगाकारांचा अ‍ॅटम (म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉय) टीव्हीवर आला, तोही मुलगाच, आणि त्याचा आवाज मारी शिमिझू या बाईंचा.

अ‍ॅटम आलाच आहे तर मुद्द्याचं बोलते, कारण डबचं सगळं गणित तिथे अडकलंय. १ जानेवारी १९६३पासून अ‍ॅटम दर आठवड्याला अर्धा तास. एवढी चित्रं काढणार कोण? सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. तेझुकांच्या स्टुडिओने एकेक चित्र तीन-तीन फ्रेम चालवलं, म्हणजे सेकंदाला ८ चित्रांत भागवलं. आणि पात्र बोलत असेल तर बाकीचं चित्र तसंच ठेवून फक्त तोंड बदलायचं. तोंडं साधारण तीन: बंद, अर्धं, उघडं. याला जपानीत म्हणतात कुची-पाकू. कुची म्हणजे तोंड, पाकू म्हणजे आपलं पकपक! पैसा आणि वेळ वाचवायची ही युक्ती, तिच्यावर अख्खी इंडस्ट्री उभी राहिली.

आवाज नंतर येतो. आफ्टर-रेकॉर्डिंग, त्याचं जपानी रूप आफुरेको. समोर पडदा, पुढे तीन-चार माइक आणि मागे बाकांवर दहा-बारा कलाकार. आपलं वाक्य आलं की उठायचं, मोकळ्या माइकपाशी जायचं, बोलायचं, मागे सरायचं. धक्का लागता कामा नये. सळसळणारे कपडे नकोत. स्क्रिप्टचं पान उलटलं तर कागदाचा आवाज नको! आणि बऱ्याचदा चित्र पूर्ण झालेलंच नसतं. पडद्यावर नुसत्या रेघा आणि पात्राच्या नावाची पट्टी येते. पट्टी दिसेल तेवढा वेळ तुमचं वाक्य. कोविडच्या काळात एवढी गर्दी बोलवत नव्हते, दोघा-चौघांच्या गटांत करायचे.

आपल्याकडे बहुतेक एकेकट्याने करतात. मला माहीत आहे, कारण कॉलेज संपल्यावर मी वर्षभर मुंबईत डबिंगची किरकोळ कामं केली. (मानधन आठ महिन्यांनी आलं. कोणाचं ते सांगणार नाही.) माझं एक वाक्य होतं, “अरे, तिकडे बघ!” बस, एवढंच. हेडफोनमध्ये मूळ आवाज, समोर चित्र. मी म्हटलं, “अरे, तिकडे बघ!” काचेपलीकडून सर म्हणाले, “तोंड उरलंय.” म्हणजे माझं बोलून झालं, पण पडद्यावर खारूताईचं तोंड अजून पकपक करतंय. परत. “अरे अरे, तिकडे बघ!” आता वाक्य उरलं आणि तोंड मिटलं. परत. असं बावीस वेळा! शेवटी “अरे, तिकडे बघ ना!” बसलं. एक “ना”. घरी जाताना लोकलमध्येही मी ओठ मोजत होते.

आता तुम्ही करून बघा. बोटं काढा. बो-कू-दो-रा-ए-मो-न-दे-सु. नऊ. तो “न” जपानी लोक वेगळा मोजतात, आणि शेवटचा “सु” जवळपास गिळतात, पण मोजतात. आता मराठी. मी-डो-रे-मॉ-न-आ-हे. सात. दोन कमी! तोंड उरलं. “मी डोरेमॉन आहे बरं का” म्हणा. दहा, एक जास्त. “मी डोरेमॉन आहे बघा.” नऊ! बसलं की नाही? आणि “बघा”त तो “देस”चा मानही आला थोडा. म्हणून डबमध्ये सारखं “अरे यार”, “अच्छा”, “ओह”, “ना” ऐकू येतं. लिहिणाऱ्याला भाषा येत नाही म्हणून नाही हो, तोंड उरतं म्हणून!

यात मराठी माणसाला एक फायदा आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपलंही शेवटी. शब्दांचा क्रम सारखा बसतो. पण एका ठिकाणी मार बसतो. जपानीत “मी” एकच नाही. डोरेमॉन आणि नोबिता स्वतःला म्हणतात “बोकू”, साध्या-सरळ मुलाचा मी. जियान म्हणतो “ओरे”, छाती पुढे काढलेला मी. आपल्याकडे दोघंही “मी”. मग तो “ओरे” जायचा कुठे? आवाजात! लिहिणाऱ्याच्या हातून निसटलेली गोष्ट बोलणाऱ्याने उचलायची असते. हिंदी डबमध्ये हे अनेकदा झकास झालंय. आणि तुम्ही म्हणता बकवास.

हिंदी डोरेमॉन आपल्याकडे आला २००५मध्ये, हंगामा टीव्हीवर. सोनल कौशल यांचा डोरेमॉन ऐकत आपली एक पिढी दुपारची जेवली. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानमध्ये मुख्य पाचही आवाज एका दमात बदलले. ओयामाबाई ७१ वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांच्या जागी वासाबी मिझुता आल्या. जियानला घेतलं सुबारू किमुराला, जो तेव्हा १४ वर्षांचा शाळकरी मुलगा होता! म्हणजे आपली पोरं नवा आवाज ऐकत असताना जपानी पोरंही नवाच आवाज ऐकत होती. आज तिकडे पंचविशीतल्या कोणालाही विचारा, त्यांचा डोरेमॉन मिझुताबाईंचाच.

एकाने लिहिलंय, “जपानी लोक एवढे परंपरावाले, मग आवाज का बदलतात?” सगळीकडे नाही बदलत. साझाए-सान नावाची मालिका ऑक्टोबर १९६९पासून चालू आहे, माचिको हासेगावा यांच्या १९४६च्या वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीवरून आलेली, आणि साझाएचा आवाज पहिल्या भागापासून मिदोरी कातो यांचाच. साझाए मालिकेत २४ वर्षांचीच! पण तिच्या वडलांचा, नामिहेईचा, आवाज देणारे इचिरो नागाई २०१४च्या जानेवारीत गेले, तेव्हा तिथेही नवा माणूस आणावाच लागला. कागदावरचा बाप म्हातारा होत नाही, माइकपुढचा होतो.

आणि डबची ताकद कमी समजू नका. २०१३मध्ये बांगलादेश सरकारने हिंदीतला डोरेमॉन बंद केला होता, कारण तिथली मुलं हिंदी बोलायला लागली! आमच्या वहिनीचंही तेच गाऱ्हाणं. भाचा “मम्मी, मुझे भूख लगी है” म्हणतो आणि ती म्हणते, “मराठीत माग, मग वाढते.”

त्याच भाच्याची गोष्ट सांगून थांबते. जियानचं एक ठरलेलं वाक्य आहे, “तुझं ते माझं, माझं तेही माझंच.” परवा खाली बिल्डिंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. बॅट एका मुलाची. आमचे चिरंजीव ती काखेत मारून उभे, आणि छाती काढून जाड्या आवाजात, “तुझी ती माझी, आणि माझी ती माझ्या पप्पांची!” मी गॅलरीतून ऐकलं. ओरे अगदी बरोबर लागला होता. आवाज मात्र जियानचा नव्हता हो, सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा होता, पाण्याचा टँकर उशिरा आला की लावतात तो.